काळी एक कुठं जाते?

सकाळी ६

लातूरला एप्रिलात कामाचे खरे तास पहाटेचे. ऊन चढलं की गंजगोलाईकडं जाणाऱ्या रस्त्यावर हॉर्न सुरू होतात, शेजारच्या दुकानातला कूलर घरघरायला लागतो आणि कान बोथट होतात. वाद्यदुरुस्तीत कानस, पक्कड, ॲलन की यांच्या आधी शांतता लागते. म्हणून शटर अर्धंच वर करून, जे काम सगळ्यात बारीक कानाचं ते मी आधी घेतो.

आज ते काम म्हणजे गाण्याच्या क्लासातला एक मिरजेचा तंबोरा. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातली माणसं हत्यारांना धार लावायचं काम सोडून तंतुवाद्यांकडं वळली. फरीदसाहेबांचं नाव त्या पिढीतलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेचा हात, असं ते वाद्य. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला. लातूरकरांच्या मनात मिरज आणखी एका कारणानं आहे. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात आमच्यासाठी पाण्याची रेल्वे मिरजेहूनच आली होती.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण सपाट नसते. तिच्या माथ्याला अगदी मंद उतार असतो आणि तार त्या उताराला पुन्हापुन्हा हलकी शिवत कंप पावते. सूर एकाच रंगाचा न राहता त्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, ते या शिवण्यामुळं. वर्षानुवर्षं वाजून माथ्यावर तारेची चरी पडली की तार एकाच जागी रुतून बसते आणि आस तुटते. मग बारीक कानस, त्यामागून पॉलिशपेपर, एक-दोन हात मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. जवारी काढणं म्हणतात ते हेच. घाई केली तर हाड परत येत नाही.

आस हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तार छेडल्यावर मागं रेंगाळणारा, पुढच्या स्वराला हात देणारा तो आवाज. गिटारवाली पोरं त्यालाच सस्टेन म्हणतात. माझ्या बाकड्यावर येणाऱ्या बहुतेक वाद्यांची तक्रार शेवटी आसेचीच असते, आणि मी प्रत्येक वाद्याला एकच प्रश्न विचारतो : बोटानं तारेला जी ताकद दिली, ती गेली कुठं?

साडेआठ

चहा. हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करणाऱ्या दोन मुलांच्या अकूस्टिक गिटारी न्यायला आली, तारा बदलून ठेवल्याच होत्या. भजनी मंडळाची एक पेटी, तिच्या मंद्र सप्तकातल्या एका सुरीत धूळ अडकली होती. ब्लेडच्या टोकानं सुरी उचलली, फुंकर मारली, झालं. अशा कामावर लिहिण्यासारखं काही नसतं, पण दुकान यांच्यावरच चालतं.

साडेनऊ

नांदेडचा मुलगा आला. पाचची एसटी धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत पाठीवर बेस गिटार घेऊन उतरला आणि थेट दुकानात.

“जय भीम, मामा.”

“जय भीम. ये लेकरा, आधी पाणी घे.”

आज ११ एप्रिल, महात्मा फुले जयंती. आजपासून १४ एप्रिलपर्यंत आणि पुढं महिनाभर मराठवाड्यात भीमगीतांच्या कार्यक्रमांना खंड नसतो. एकेका रात्री दोन-दोन गावं होतात. हा मुलगा अशाच एका पार्टीत बेस वाजवतो. ही परंपरा जुनी आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, तेव्हा ढोलकी आणि तुणतुण्यावर काम भागत होतं. आता ऑक्टोपॅड आहे, कीबोर्ड आहे, मोठाले सबवूफर आहेत. बहुतेक पार्ट्यांत कीबोर्डवालाच डाव्या हातानं बेस धरतो आणि एक माणूस वाचवतो. अशा काळात खरी बेस गिटार बाळगणारी, स्वतःच्या मानधनातून तिच्या तारा आणणारी पोरं मला आपली वाटतात. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी आजही ऐकताना पाय हलतो तो बेसमुळं, आणि हे फार थोड्या श्रोत्यांच्या लक्षात येतं.

“काय व्हायलंय तिला?”

“मामा, समदं बरं वाजायलंय, पण जी तारेवर काळी एक गपकन मरायलीय. बोट ठेवलं की धप्प. आमच्या गायकाची पट्टीच काळी एक आहे. त्यांनी आलाप लावला की खाली माझा सूर पाहिजे, आन् तो राहतच नाही. दुसऱ्या तारेवर नववा पडदाबी खरखरायलाय.”

नांदेडात एका ठिकाणी त्याला पिकअप बदलायला सांगितलं होतं. पिकअप बदलून हा दोष जात नाही. पिकअप तारेचं हलणं ऐकतो आणि पुढं पाठवतो. तारच हलायची थांबली तर तो काय पाठवणार? पैसे घालवण्याआधी पोरगा इकडं आला हे बरं झालं.

दहा

ॲम्प्लिफायर बंद. आधी कोरडं ऐकायचं. बेसच्या वरच्या शिंगाला कान टेकवून मी जी तारेवरचा एकेक पडदा वाजवत गेलो. चौथा छान. पाचवा बरा, थोडा दबलेला. सहावा, म्हणजे काळी एक, पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी, वाजला आणि गेला. सातव्यावर पुन्हा जीव आला. सहाव्यावर नीट ऐकलं तर मूळ सूर विझतो आणि त्याच्यावरच्या सप्तकातला बारीक सूर तेवढा मागं राहतो. खऱ्या डेड स्पॉटची, म्हणजे सूर मरणाऱ्या जागेची, ही खूण आहे. पडद्याला तार घासत असेल तर खरखर येते, इथं खरखर नव्हती. सूर कुणीतरी आतून पिऊन टाकत होतं.

मग हाच स्वर त्याच सप्तकात डी तारेच्या अकराव्या पडद्यावर वाजवला. तिथं तो लांबपर्यंत टिकला. ए तारेच्या सोळाव्यावर पण टिकला. म्हणजे स्वर मेलेला नाही, त्या एका जागी मरतो आहे.

आता मला आवडणारी परीक्षा. जी तार अर्धा स्वर उतरवली. सहाव्या पडद्यावर आता पांढरी एक वाजते. ती जिवंत! आणि काळी एक सरकून सातव्यावर गेली, तर सातवा मेला. पोराच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघण्यासारखं होतं.

“म्हणजे मामा, पडदा खराब नाही?”

“पडदा निर्दोष आहे. दोष म्हणावा असा तो दोषसुद्धा नाही. तुझ्या नेकचा स्वतःचा एक सूर आहे आणि तो काळी एकच्या जवळ आहे.”

सहावा पडदा घासून बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत. या परीक्षेला पाच मिनिटं लागतात, आणि ती केली तर कानस उचलायची गरजच उरत नाही. घासलेला पडदा पुन्हा वाढत नाही. म्हणून ज्यांच्या हातात वाद्य येतं त्या प्रत्येकानं ही परीक्षा शिकून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

अकरा

नेकच्या सुराकडं वळण्याआधी बाकीच्या चोऱ्या पकडायच्या. आस एका जागून जात नाही, चार जागांहून जाते.

पहिली जागा तारा. घाम आणि धूळ गुंडाळीत बसून तारा जड आणि मुक्या झाल्या होत्या. नव्या सेटला दोन हजारांच्या आसपास पडतात, प्रत्येक हंगामाला घेणं या मुलांना जमत नाही. तारा उतरवून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या. नव्यासारख्या होत नाहीत, पण आठ-दहा कार्यक्रम निघतात.

दुसरी जागा खरखरणारा नववा पडदा. तीन पडद्यांवर बसेल एवढी सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून डुलवली. नऊ, दहा, अकरावर ती डुलली, म्हणजे मधला दहावा वर आहे. पोराला वाटत होतं नववा खराब. खरं तर नवव्यावर बोट ठेवलं की तार पुढच्या, उंच झालेल्या दहाव्याला घासत होती. दहावा घासायचा का? नाही. त्याच्यावर नखानं टिचकी मारली तर आवाज पोकळ आला. पडदा खाचेतून उचलला गेला होता. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे नेहमी होतं. हवा कोरडी पडली की फिंगरबोर्डाचं लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन बोटाला लागतात, आणि एखादा पडदा सैल होतो. सैल पडदा खरखरतो आणि आसही खातो. त्याच्या कडेनं पातळ सुपरग्लूचा थेंब सोडला, लाकडाचा ठोकळा ठेवून क्लॅम्पनं दाबून ठेवला. बाहेर आलेली टोकं कानशीनं गोल केली.

तिसरी जागा ब्रिज. तार जिच्यावर टेकते त्या एका खोगिरीचा उंचीचा स्क्रू सैल, नुसता तारेच्या दाबावर उभा. तो खाली टेकवला. तारा पुन्हा चढवल्यावर प्रत्येक तार खोगिरीच्या पुढं अंगठ्यानं खाली दाबली. जाड तार खोगिरीवरून कमानीसारखी वळते, तिचा कंप नेमका कुठून सुरू होतो हे ठरत नाही. दाबून तिला ठसठशीत कोन दिला की सूर स्वच्छ होतो. फुकटात होणारं एवढं उपयोगी काम दुसरं नाही आणि नवी तार लावल्यावर ते कुणीच करत नाही.

चौथी जागा नेकचा सांधा. चार स्क्रू, त्यातला एक अर्धा फेरा फिरला. सांध्यात सिगारेटच्या पाकिटाची घडी घातलेली निघाली, नेकचा कोन सुधारायला कुणीतरी घातलेली. तिच्यामुळं नेक खोबणीत पूर्ण टेकत नव्हता. ती काढून शिसमाची पातळ, तिरपी तासलेली पट्टी घातली, खोबणीच्या पूर्ण लांबीची. स्क्रू आवळले, तारा सुरात आणल्या, मग चारही स्क्रू जरासे सैल करून तारांच्या ताणानंच नेकला खोबणीत नीट बसू दिलं आणि पुन्हा आवळले. बोल्टनं जोडलेल्या नेकला आस कमी असते, असा एक समज फार पसरलेला आहे. अमेरिकेतले वाद्यकार आर. एम. मोटोला यांनी वेगवेगळ्या सांध्यांचे नेक घेऊन मोजमाप केलं, तेव्हा बोल्टचा सांधा कमी ठरला नाही. सांधा कोणता यापेक्षा तो घट्ट आहे का, हे बघावं.

जाता जाता पिकअप थोडा खाली केला. जाड तारांच्या फार जवळ आलेलं चुंबक तारेला ओढतं आणि सुराला कापरं भरतं. शेवटचा पडदा दाबून दोन ते तीन मिलिमीटर अंतर ठेवलं. नेकला सातव्या पडद्याशी केसभर, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या जवळपास, बाक आहे. तो हवाच. बाक बदलणाऱ्या ट्रस रॉडला हात लावला नाही.

नटकडं, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीकडं, बघितलं आणि सोडून दिलं. पडद्यावर बोट ठेवलं की नटचा संबंध संपतो. दाबलेल्या स्वराची तक्रार घेऊन आलेल्याला नट बदलून देणं म्हणजे त्याचे पैसे वाया.

दुपारी १

वीज गेली. घरून डबा आला, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. पोरालाही बसवलं. बाहेर रस्ता पांढरा पडलेला. जेवता जेवता त्यानं विचारलं, की नेकला सूर असतो म्हणजे काय.

मी त्याला तारा हातानं मुक्या धरून बेसच्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायला लावली. शिंगाला कान लावला की एक खोल ‘डुंम’ ऐकू येतो. तो नेकचा सूर. नेक म्हणजे एका टोकाला अंगाला आवळलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी लाकडी फळी. तिच्या लांबीवर, जाडीवर, लाकडाच्या ताठपणावर आणि मोकळ्या टोकाला किती वजन आहे यावर तिचा कंप ठरतो. तार ब्रिज आणि पडदा यांच्या मध्ये हलते. पडद्याकडचं टोक जितकं अढळ, तितकी ताकद तारेतच परतते. पण तारेचा स्वर नेकच्या सुराशी जुळला की नेक हलायला लागतो. आपल्याकडं बोअरला पाणी लागतं आणि मधल्याच भेगेत मुरतं, तसं होतं. तारेची ताकद नेकच्या लाकडात जाते आणि तिथं उष्णता होऊन संपते. म्हणून सूर ‘धप्प’ होतो.

हा केवळ कारागिरांचा अंदाज नाही. जर्मनीत म्युनिकच्या लष्करी विद्यापीठात हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान झ्विकर यांनी इलेक्ट्रिक गिटारींच्या नेकचा कंप लेसरनं मोजला आणि १९९८-९९ च्या सुमारास त्यावर शोधनिबंध लिहिले. ज्या पडद्याशी नेक ज्या स्वराला सहज हलतो, तिथंच तो स्वर लवकर मरतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. फ्लायशर यांनी पुढं बेसचाही अभ्यास केला. चेलोवाल्यांना हा प्रकार शतकानुशतकं ठाऊक आहे. त्यांच्या वाद्यात एखादा स्वर लांडग्यासारखा गुरगुरतो आणि ते ब्रिजच्या मागच्या तारेवर छोटं वजन लावून त्याला वश करतात.

बेसमध्ये डेड स्पॉट नेमका पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, जी तारेवर का सापडतो? लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, त्याची तार ३४ इंचांची. नेक लांब, डोकं मोठं, त्यावर चार जड खुंट्या एका रांगेत. अशा नेकचा एक कंप बहुधा १३० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. जी तार मोकळी वाजते ९८ हर्ट्झला, पाचव्यावर पांढरी एक १३१, सहाव्यावर काळी एक १३९, सातव्यावर पांढरी दोन १४७. हे तिन्ही स्वर त्याच पट्ट्यात. जगभरचे बहुतेक बेस आजही त्याच मापावर बनतात, त्यामुळं महागड्या अमेरिकन बेसलाही हा स्पॉट असतो आणि साध्या बेसलाही. स्वस्त वाद्य घेतलं म्हणून असं झालं, हा पोराच्या मनातला सल तिथंच काढून टाकला.

नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास डोकंच नसलेला, कार्बन फायबरचा बेस काढला. मोकळ्या टोकाचं वजन गेलं, नेक ताठ झाला, त्याचा सूर वर, तारांच्या कामाच्या पट्ट्याबाहेर गेला. उपाय असा पूर्ण असू शकतो. पण आपल्या लाकडी नेकला ते जमत नाही. लाकडी नेकचा डेड स्पॉट नाहीसा करता येत नाही. तो हलवता येतो.

अडीच

वीज नाहीच. पण आताच्या कामाला वीज लागत नाही, वही लागते. पोराला म्हणालो, तुमच्या कार्यक्रमातली गाणी सांग आणि प्रत्येक गाणं कुठल्या पट्टीत, ते सांग.

तो थोडा गोंधळला. बेस दुरुस्तीला आणि गाण्यांची यादी? पण डेड स्पॉट हलवायचा तर तो जिथं नेऊन ठेवायचा, ती जागा वाजवणाऱ्याला नको असलेली हवी. ती गाण्यांतूनच कळते.

मुख्य गायक काळी एकमध्ये. म्हणजे मेलेला स्वर त्यांचा षड्जच. गायिका काळी चारमध्ये, तिचा मध्यम म्हणजे पुन्हा काळी एक. दोघांनाही तो स्वर सारखाच लागतो. आता डोक्यावरचं वजन कमी केलं, हलक्या खुंट्या लावल्या, तर नेकचा सूर वर जाईल, पांढरी दोनकडं. वजन वाढवलं तर खाली येईल, पांढरी एककडं. पहिली वाट घेतली तर गायकाचा कोमल रिषभ मरतो. यांच्या यादीत भैरवीच्या अंगाच्या चाली पुष्कळ आहेत आणि त्यात बेस कोमल रिषभावर चांगला दोन-दोन मात्रा थांबतो. दुसरी वाट घेतली तर गायकाचा शुद्ध निषाद आणि गायिकेचा शुद्ध गंधार सापडतो. त्या स्वरांवर बेस थांबत नाही, फार तर वरून खाली येताना शिवून जातो. बेसवाला राहतो षड्ज, मध्यम, पंचमावर.

तर खाली न्यायचं. हा निर्णय झाला तेव्हा मला सगळ्यात जास्त समाधान वाटलं. पुढचं काम हाताचं आहे, ते होणारच असतं.

साडेतीन

डोक्याच्या टोकाला चामड्याचा तुकडा लावून लोखंडी सी-क्लॅम्प अडकवला. क्लॅम्पचं वजन १८० ग्रॅम. सहावा पडदा वाजवला. काळी एक उभी राहिली! एवढा वेळ ‘धप्प’ ऐकल्यावर तो स्वर लांब जाताना ऐकणं हे सुख आहे. पण पाचवा, पांढरी एक, आता पार मेला. गायिकेच्या एका गाण्यात तो ओझरता लागतो, तेवढाही नीट वाजला पाहिजे. वजन कमी हवं. छोटे क्लॅम्प, नट-बोल्ट चिकटपट्टीनं लावून बघत गेलो. नव्वद ग्रॅमच्या आसपास नेकचा सूर पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये, पाचव्याकडं झुकलेला आला. पांढरी एक दबली, पण मेली नाही. काळी एक मोकळी.

वीज आली होती. एमआयडीसीतल्या लेथवाल्या मित्राला फोन करून माप सांगितलं : पितळेची पट्टी, सात सेंटिमीटर लांब, तीन रुंद, पाच मिलिमीटर जाड. पितळ घन सेंटिमीटरला साडेआठ ग्रॅमच्या जवळपास भरतं, त्या हिशेबानं ८९ ग्रॅम. पोरगा माझी स्कूटर घेऊन गेला.

तो येईपर्यंत एक गोंधळी तुणतुणं घेऊन आले. तुळजापूरला जायचं होतं, खुंटी निसटत होती. खुंटीला खडू चोळला, भोकाला कागदाचं अस्तर दिलं. एकच तार, पण ती सुरात राहिली नाही तर रात्रभराचा गोंधळ उभा राहत नाही. पैसे घेतले नाहीत.

पाच

पट्टी आली. कडा घासून गुळगुळीत केल्या. ती डोक्याच्या मागच्या अंगाला, शक्य तितकी टोकाकडं बसवली. वजन मोकळ्या टोकाला जितकं लांब, तितकं कमी वजनात काम होतं. खाली फेल्ट किंवा रबर घातलं नाही, पट्टी लाकडाला घट्ट हवी. आधी बारीक ड्रिलनं भोकं, मग दोन छोटे स्क्रू.

आता पोराला उभं केलं. पट्टा गळ्यात, बेस अंगावर, कार्यक्रमात धरतो तसा. बाकड्यावर आडवं वाद्य आणि माणसाच्या अंगावरचं वाद्य यांचा कंप वेगळा असतो. डाव्या हाताची पकड आणि पोटाचा टेकूसुद्धा त्यात येतो. म्हणून शेवटची परीक्षा वाजवणाऱ्याच्याच अंगावर व्हावी. मोबाइलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावलं. सहाव्या पडद्यावर १३९ च्या जवळचा उभा दांडा आता एकदम कोसळला नाही, हळूहळू उतरला. पण मला दांड्यापेक्षा त्याच्या डोळ्यांकडं बघायचं होतं. त्यानं डोळे मिटून काळी एक धरली आणि तोंडानं गायकाचा आलाप गुणगुणला. आलाप संपला तेव्हा खाली सूर होता.

डोकं थोडं जड झाल्यानं नेक खाली झुकू पाहतो. त्याचा नायलॉनचा निसरडा पट्टा काढून रुंद सुती पट्टा दिला, खांद्यावर धरून राहील असा. आणि एक गोष्ट शिकवली. संथ गाण्यात लांब काळी एक हवी असेल तर ती डी तारेच्या अकराव्या पडद्यावर घे, तिथं तिचा रंग जाड आणि गोल आहे. वेगवान गाण्यात हात खालीच असतो, तिथं सहावा घे. दुरुस्तीच्या आधी त्याला निवड नव्हती, आता आहे.

साडेसहा

त्याला बसस्थानकावर सोडलं. रात्री दहाच्या आत नांदेड. उद्या सराव, परवा मध्यरात्रीपासून कार्यक्रम. रस्त्यावरून फुले जयंतीची मिरवणूक चालली होती, साउंडच्या भिंती लागल्या होत्या. त्या गोंगाटातही खालचा षड्ज कुठला टिकतो आणि कुठला मरतो, हे कान आपोआप टिपत होते.

रात्री ९

शटर ओढून नोंदवही भरली. प्रत्येक बेसची नोंद मी ठेवतो : कुठल्या तारेवर, कितव्या पडद्याला सूर बसतो, किती वजनानं कुठं सरकला, हवा कशी होती. पावसाळ्यात लाकूड फुगेल, नेकचा सूर थोडा हलेल, तेव्हा हा मुलगा पुन्हा येईल आणि ही नोंद कामाला येईल. तंबोऱ्याची जवारी उद्या पहाटे पुरी करायची आहे. क्लासाच्या बाई आठ वाजता येणार.

ज्यांच्या घरी बेस आहे त्यांना एक सांगणं. एखादा स्वर बसतोय असं वाटलं तर पिकअप, नट, पडदे यांवर खर्च करण्याआधी ती तार अर्धा स्वर उतरवून बघा. मेलेली जागा त्याच पडद्यावर राहिली तर पडद्याचं काम आहे. स्वराबरोबर पुढच्या पडद्यावर सरकली तर नेकचं. आणि दुरुस्तीला येताना तुम्ही वाजवता त्या गाण्यांची यादी, पट्टीसकट, लिहून आणा.